किट वाटून झालं असेल तर आता स्वयंपाकाचं बोलू

मार्च लागला की आपल्या विदर्भात आगीच्या बातम्या सुरू होतात. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, मेळघाट, जंगलात वणवा लागलेला असतो, आणि इकडं खेड्यापाड्यात कुठं गोठा पेटतो, कुठं कुटाराच्या (ढोरांच्या भुशाच्या) ढिगाला ठिणगी लागते आणि वारा सुटला की त्या एका ढिगापायी अख्खी ओळ जळून जाते. बातमी येते, फोटो येतो, तिसऱ्या दिवशी कोणीतरी नेता किराण्याचं किट वाटतानाचा फोटो येतो आणि विषय संपला. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आग लागलेल्या वस्तीला पहिले पंधरा दिवस कच्चा शिधा देऊ नका, शिजलेलं जेवण द्या, दोन्ही वेळचं, त्याच गावातल्या बायांच्या हातचं, आणि त्या बायांना त्याची रोजी द्या. नंतर किट द्या, पैसे द्या, घरकुल द्या, काय द्यायचं ते द्या.

आता हे मी का म्हणतो ते. शहरातल्या माणसाला वाटतं आगीत घर जळालं म्हणजे भिंती, कपाट, टीव्ही, कागदपत्रं जळाली. खेड्यात मार्च-एप्रिलमध्ये घर जळतं तेव्हा वर्षभराचं खाणं जळतं. तूर, हरभरा, गहू नुकताच वावरातून घरात आलेला असतो, पूर्वेकडं धानाची पोती थप्पी लावून ठेवलेली असतात. वर्षाचं तिखट याच दिवसात कांडून होतं, शेवया, कुरडया, पापड, सांडगे, सगळं वाळवण याच दिवसातलं, बायांनी पहाटे उठून केलेलं. त्यात भाव वाढायची वाट पाहत घरातच ठेवलेला कापूस, तो तर पेटला की विझवायची सोयच नाही, वरून पाणी मारा नाहीतर माती टाका, आत धुमसतच राहतो, दुसऱ्या दिवशी परत पेट घेतो. म्हणजे ज्या महिन्यात घर सगळ्यात जास्त भरलेलं असतं त्याच महिन्यात ते जळतं. पंचनाम्यात भिंती आणि पत्रे येतात, फार तर ढोरं येतात, पण तलाठ्याने सांडग्याचा डबा लिहून घेतल्याचं मी अजून पाहिलं नाही.

जंगलाच्या गावाचं आणखी वेगळं. तिथं घर शाबूत राहिलं तरी वणव्यात कमाई जळते. मोहफूल मार्च-एप्रिलमध्ये पडतं, चार (म्हणजे चारोळी) आणि टेंभरं (तेंदूची फळं) त्याच्या मागंपुढं, मग मे महिन्यात तेंदूपत्ता. हाच पैसा पुढं बियाण्याला आणि खताला लागतो, मोहफूल तर विकायलाही आणि खायलाही. झाडाखाली जाळ होऊन गेला की त्या सालची वेचणी गेली. कोणी म्हणेल की लोकच लावतात ना आग, मोहाखालचा पालापाचोळा साफ करायला, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून. हो, लावतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यापायी झाडं छाटावी लागतात आणि आगी लागतात, आणि बांबूवर आपलं भागवलं. म्हणजे लोकांना समजत नाही असं नाही. आणि समजा एकाने लावली आणि चाळीस घरांचं नुकसान झालं, तर त्या चाळीस घरच्या लेकरांना संध्याकाळी काय खायला द्यायचं हा प्रश्न वेगळा आहे आणि काडी कोणी लावली हा प्रश्न वेगळा आहे. आपले लोक दोन्ही एकात कालवतात आणि मग मदत करायच्या जागी प्रवचन सुरू करतात.

तर किटबद्दल. आमच्या तालुक्यातल्या एका वस्तीत आगीनंतर किट वाटप होतं, मी पण मदतीला गेलो होतो. किट चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पाच किलो आटा, तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, मीठ, तिखट, हळद, साबण सुद्धा. एका बाईने पिशवी घेतली, उघडून पाहिली, आणि आमच्यातल्या पोराला म्हणाली, "भाऊ, आटा तं देल्ला, पन मळू कायच्यात?" पोरगा बावचळला. परात नव्हती. तवा होता पण आगीत वाकून द्रोणासारखा झालेला. गंज (म्हणजे मोठं पातेलं) काळाठिक्कर, बुडाला भोक. चुलीच्या जागी राख, त्या राखेखाली अजून गरम लागत होतं. बाजूला तिची सासू एका टिनाच्या कोठीतली तूर सुपात घेऊन बसली होती, वरची जळून कोळसा झालेली आणि खालची नुसती धुरकटलेली, ती एकेक दाणा वेगळा करत होती. त्या धुरकट तुरीचं वरण कसं लागतं ते ज्याने खाल्लं त्यालाच माहीत, कितीही लसूण घाला धुराचा वास जात नाही.

मग तिच्या शेजारणीने जे सांगितलं ते माझ्या कानात राहिलं. ती म्हणाली, "आता काडी वढाची हिंमतच नाई होत, भेव वाटते." म्हणजे हातात काडेपेटी आहे, कोणी तीन विटा मांडून दिल्या आहेत, पण बाई पेटवत नाही. आपण तिला पाच किलो आटा देऊन फोटो काढून निघून गेलो. किट बनवणाऱ्याच्या डोक्यात असं असतं की घर जसंच्या तसं उभं आहे, फक्त किराणा संपलाय. आपल्या सरकारचा तो आनंदाचा शिधा होता ना, रवा, साखर, चणाडाळ, पामतेल, शंभर रुपयात, दिवाळीला ठीक होता कारण घेणाऱ्याच्या घरी कढई होती. तीच पद्धत उचलून आगीला लावली की असा घोटाळा होतो.

सरकारी मदतीचं पण बघा. आग ही आपत्ती निवारणाच्या यादीत आहे, पूर आणि गारपिटीसारखीच. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषात पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, झोपडीला ८ हजार, आणि कपड्यांचे २५०० व भांड्यांचे २५०० रुपये प्रत्येक कुटुंबाला. राज्य कधीकधी वरून वाढवून देतं, पण मूळ आकडा हा. २५०० रुपयात बाजारात जाऊन एकदा भांडी घेऊन पाहा, गंज, तवा, परात, दोन पातेली, ताटं-वाट्या घेता घेता पैसे संपतात आणि पाण्याचा गुंड राहिलेलाच असतो. आणि हे पैसे येतात कधी, तर पंचनामा होऊन, तहसीलला जाऊन, खात्यात पडेपर्यंत. तोपर्यंत पोट थांबत नाही. रेशनचं म्हणाल तर त्या महिन्याचं धान्य उचलून घरात आणलेलं होतं तेच जळालं, दुकानदार म्हणणार अंगठा लागला आहे, पुढच्या महिन्यात या.

याच निकषात मदत छावणीत ठेवलेल्या लोकांच्या जेवणाची सोय आहे. पुरात ते होतं, कारण लोकांना उचलून शाळेत आणतात आणि ती छावणी होते. आगीत लोक कुठं जात नाहीत. जळालेल्या घरासमोर निंबाच्या झाडाखाली बसतात, रात्री कोणाच्या तरी ओट्यावर झोपतात, ढोरं सोडून जाता येत नाही आणि जे थोडंफार वाचलं त्यावर लक्ष ठेवायचं असतं. कागदावर छावणीच नाही, म्हणून जेवणही नाही. खेड्यातल्या आगीनंतर छावणी उघडल्याचं मी तरी क्वचितच पाहिलं.

मग बाहेरून जेवण येतं, तेही सांगतो. तालुक्याच्या गावाहून कोणी मंडळ, कोणी व्यापारी पुरीभाजीची पाकिटं पाठवतात. मन चांगलं असतं त्यांचं, त्याबद्दल वाद नाही. पण पहाटे पाच वाजता तळलेली पुरी आणि बटाट्याची भाजी प्लास्टिकमध्ये बांधून त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत दुपारी एक वाजता पोचते तेव्हा ती कोणत्या अवस्थेत असते. लेकरं खातात आणि रात्री हगवण. म्हाताऱ्यांना दात नाहीत, पुरी चावत नाही, ते चहात बुडवून दोन घास खातात आणि बाजूला ठेवतात. आणि मग आपणच म्हणतो बघा कसे अन्न टाकतात, यांना किंमत नाही.

त्याच वस्तीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरच्या पुऱ्यातल्या (मोहल्ल्यातल्या) चार-पाच बाया एकत्र आल्या. कोणी सांगितलं नव्हतं. घरटी ज्वारीचं पीठ मागून आणलं, एकीने घरून मोठा गंज आणला, एकीने पाटा. लसूण आणि सुकी लाल मिरची पाट्यावर वाटली, तेलात जिरं-मोहरी तडतडली, त्यात ते वाटण टाकलं की असा ठसका सुटला की पार रस्त्यापर्यंत लोक खोकले, आणि खोकता खोकता पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मग पाणी, उकळी, वरून बेसन सोडत गेल्या आणि घोटत गेल्या. पातळ बेसन आणि गरम भाकर, वरून कांदा फोडून. तो म्हातारा ज्याने पुरी बाजूला ठेवली होती त्याने भाकर बेसनात कुस्करली, मऊ होऊ दिली, आणि जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) ताटलीत दोनदा मागून घेतलं. सांबार (म्हणजे कोथिंबीर) नव्हता, कोणाला आठवलाही नाही. खर्च काढला असता तर एका किटच्या पैशात वीस-पंचवीस माणसं जेवली असतील, हा माझा अंदाज आहे, पण फार चुकणार नाही.

यात नवीन काय आहे, आपल्याकडं तर हे आहेच. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे, सोयरे भाकर आणतात, भाजी आणतात, घरच्यांना बळेच बसवून खाऊ घालतात. तिथं कोणी म्हणत नाही की त्यांना पाच किलो आटा देऊन या, करून खातील. घर जळालेल्या माणसाचं दुःख त्याच जातीचं आहे, फक्त त्याला आपल्याकडं रिवाज नाही म्हणून किट देऊन मोकळे होतो. आणि गर्दीला जेवू घालणं आपल्याला जमत नाही असंही नाही बरं का. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांना कोण जेवू घालतं, गावोगावचे मंडळवाले आणि साधी माणसंच ना. मोझरीला तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असो, गावातला भागवत सप्ताह आणि शेवटचा काला असो, पाचशे माणसाचा भाजी-भात उतरवणारे आचारी आणि रोडगे भाजणारे गडी प्रत्येक गावात आहेत. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत पहिलं कलम भुकेलेल्याला अन्न हेच आहे, शेंडगावचा माणूस तो, अमरावती जिल्ह्यातला, आपलाच. पण काल्याला वर्गणी देणारे हात आगीच्या वेळी किटच्या पाकिटावर नाव छापतात.

आता विरोधातलं. सगळ्यात दमदार मुद्दा म्हणजे रोख पैसे द्या, ज्याला जे पाहिजे ते तो घेईल, तुम्ही कोण ठरवणारे की त्याने काय खावं. मला हा मुद्दा पटतो, पण सोळाव्या दिवसापासून. पैसे हातात असले तरी पहिल्या आठवड्यात माणूस बाजारात जाण्याच्या मनःस्थितीत नसतो, आणि जंगलाच्या गावातून बाजार म्हणजे आठवड्यातून एक दिवस, एसटी आली तर आली. शिवाय आलेल्या रोख पैशातून आधी बियाणं जाईल, मग पत्रे, मग सावकार, आणि घरच्या बाईच्या जेवणाचा नंबर शेवटी लागेल. हे मी अंदाजाने म्हणत नाही, आपल्या प्रत्येकाच्या घरात हेच होतं. दुसरा मुद्दा, आयतं मिळालं की लोक आळशी होतात. ज्याचं घर जळालंय तो दिवसभर राख उपसतोय, पत्रे सरळ करतोय, ढोरांसाठी कुटार मागत फिरतोय. त्याने त्यात परत पाणी, सरपण आणि स्वयंपाक करावा म्हणजे तो कष्टाळू, असं म्हणणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात चार दिवस राख उपसून दाखवावी.

तिसरा मुद्दा कोणी उघड बोलत नाही, जातीचा. आग लागते तेव्हा जळतं कोणाचं, तर ज्यांची घरं एकमेकांना चिकटून, कुडाच्या भिंतीची, वर टिन नाहीतर गवत, त्यांचं. सिमेंटच्या घरावर ठिणगी पडून विझते. आणि गावजेवणात कोण कुठं बसतं, कोणाच्या हातचं कोण खातं हे सगळीकडं मिटलंय असं छातीठोकपणे कोणी सांगू नये. म्हणून मी नुसतं गावाने जेवण द्यावं असं म्हणत नाही. गावाने म्हटलं की मोठ्या घरची मंडळी वाढणार आणि जळालेले हात पसरून उभे राहणार, ते चित्र मला नको. जळालेल्या वस्तीतल्याच बाया आणि बाकी गावातल्या बाया मिळून एका गंजात रांधतील, रोजी सगळ्यांना सारखी. जी बाई घरी काडी ओढायला घाबरत होती ती चार जणींच्या सोबत, मोकळ्या जागेत हळूहळू जाळाजवळ बसते, आणि संध्याकाळी तिच्या हातात स्वतःच्या कमाईचे पैसे असतात.

जागा आणि भांडी कुठून आणायची, तर ती आहेतच. बहुतेक जिल्हा परिषद शाळांत पोषण आहाराची किचन शेड आहे, मोठे गंज आहेत, ताटं आहेत, शिजवणारी बाई आहे जिला महिन्याला अडीच हजार मानधनावर राबवून घेतात आणि उन्हाळ्यात तेही नाही. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे आगीच्या हंगामाचा शेवटचा भाग आणि त्या गंजांची सुट्टी एकाच वेळी. तिकडं अमेरिकेत हवाईमध्ये ऑगस्ट २०२३ ला लाहायना गाव जळालं, शंभराच्या आसपास माणसं गेली, तेव्हा त्याच माउई बेटावरच्या कॉलेजात जिथं स्वयंपाक शिकवतात त्याच किचनमध्ये तिथल्या शेफ लोकांनी उभं राहून हजारो जेवणं रांधली. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला सोळा हजारांच्या वर बांधकामं जळाली, तिथं वर्ल्ड सेंट्रल किचन या संस्थेने तिथल्याच रेस्टॉरंट आणि फूड ट्रकवाल्यांना हाताशी धरून लोकांना जेवू घातलं. एवढा श्रीमंत देश, तिथं पण शेवटी गरम ताटच लागलं. आणि एवढ्या दूर जायची पण गरज नाही, केरळात २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पंचायती आणि कुटुंबश्रीच्या (तिथल्या महिला बचत गटांच्या) बायांनी कम्युनिटी किचन चालवून दाखवलं, आपल्याकडचे बचत गट त्यांच्यापेक्षा कशात कमी आहेत.

पैशाचा हिशोब पण करून टाकू. राज्य सरकारची स्वस्त शिवभोजन थाळी सुरू झाली जानेवारी २०२० मध्ये, तेव्हा ग्रामीण भागात एका थाळीला चालकाला ३५ रुपये मिळायचे, गिऱ्हाइकाचे १० धरून. महागाई झाली, ५० धरा. चाळीस घरं, दोनशे माणसं, दोन वेळा, म्हणजे दिवसाला वीस हजार, पंधरा दिवसाचे तीन लाख. त्यातच बायांची रोजी, त्यातच किराणा. तीन लाख म्हणजे निकषाप्रमाणे अडीच घरांची मदत. मंत्र्याच्या एका पाहणी दौऱ्याला गाड्यांचा ताफा, मंडप आणि बंदोबस्त मिळून किती लागतात ते तुम्हीच धरा.

आणखी एक, जंगलात आग विझवायला जाणाऱ्यांचं. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या वणव्यात तीन वनमजूर गेले. तेव्हा हळहळ झाली, मदत जाहीर झाली. पण दर उन्हाळ्यात हंगामी मजूर हिरव्या फांद्या आणि ब्लोअर घेऊन रात्र रात्र जाळाशी झुंजतात, सोबत घरून बांधून नेलेली भाकर आणि एक पाण्याची कॅन. भाकर वाळून कडक होते, पाणी दुपारीच संपतं. गावात जर असं स्वयंपाकघर तयार असेल तर पहिला डबा त्यांना जावा, आंबील किंवा ताक-भात, मीठ जास्त घालून. विझवणारे बहुतेक वेळा त्याच गावचे असतात, कधी कधी तर इकडं जंगलात विझवत असतात आणि तिकडं त्यांचंच घर पेटतं.

यासाठी मंत्रालयातून जीआर निघायची वाट पाहायला नको, निघाला तर चांगलंच. आगीचा हंगाम धरतात १५ फेब्रुवारीपासून, आणि २६ जानेवारीला गावोगावी ग्रामसभा होते. त्या सभेत एक ठराव घ्यायचा. आग लागली तर शाळेची किचन शेड कोणालाही न विचारता उघडायची, मुख्याध्यापक सुट्टीत त्यांच्या गावी जातात म्हणून एक किल्ली स्वयंपाकी बाईकडं आणि एक सरपंचाकडं राहील. कोणत्या दोन बचत गटांनी रांधायचं त्यांची नावं आधीच लिहून ठेवायची. पंधरा दिवसाचा किराणा कोणत्या दुकानातून उधारीवर उचलायचा आणि ते पैसे कोण फेडणार, ग्रामनिधी की तेंदू-बांबूचा पैसा असेल तर ग्रामसभेचं खातं, तेही लिहायचं. सभेत कोणीतरी उठून म्हणेलच की आपल्या गावात कधी आग लागली आहे का, कशाला अभद्र बोलता. त्याला म्हणावं बस भाऊ, ठरावावर सही कर.